कोलकात्याच्या वाटेने युरोप

युरोपच्या सहलीची आखणी बहुतेक घरांत नावांच्या यादीपासून सुरू होते. पॅरिसचा आयफेल टॉवर, रोमचे कोलोसियम, लंडनचा टॉवर ब्रिज; मग व्हिसा, विमानाची तिकिटे, टूर कंपनीचे वेळापत्रक. जुनी वास्तू पाहायची कशी, याची तयारी मात्र राहून जाते. त्या तयारीसाठी भारतात कोलकात्याइतके चांगले शहर नाही. एस्प्लनेडपासून हुगळीकाठच्या स्ट्रँड रोडपर्यंत पायी फिरता येईल एवढ्या टापूत इंग्लंड, बेल्जियम आणि ग्रीसमधल्या वास्तूंवरून बेतलेल्या इमारती उभ्या आहेत. नक्कल म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवू नये. बंदिश तीच, पण गळा वेगळा आणि हवा वेगळी, असे हे गाणे आहे.

सुरुवात हायकोर्टापासून करावी. वॉल्टर ग्रॅनव्हिल या वास्तुकाराने आखलेली ही इमारत 1872 मध्ये पूर्ण झाली. जीपीओ आणि इंडियन म्युझियम हीदेखील त्याचीच कामे; दोन्ही शुभ्र, ग्रीक-रोमन वळणाची. हायकोर्टासाठी तो गॉथिककडे वळला आणि नमुना घेतला बेल्जियममधल्या ईप्र गावच्या क्लॉथ हॉलचा. लोकरी कापडाच्या व्यापारावर गबर झालेल्या त्या गावाने तेराव्या शतकात बांधलेली ही बाजारपेठ. न्यायालयाला व्यापाऱ्यांच्या वास्तूचा साज का, असे प्रथम वाटते. पण त्या मुलखात घंटेचा मनोरा म्हणजे नगराने आपल्या धन्याकडून मिळवलेल्या हक्कांची खूण. ती खूण न्यायालयाच्या माथ्यावर शोभते.

समोर उभे राहून आधी इमारतीची लांबी डोळ्यांत भरून घ्यावी. दोन्ही अंगांना पसरलेली लाल दर्शनी बाजू, टोकदार कमानींची एका लयीत चाललेली रांग, आणि त्या आडव्या ओघाला मधोमध छेदत वर गेलेला मनोरा. आडव्या-उभ्याचा हा ताण ईप्रकडून आला. मग नजर खाली आणावी, कारण कोलकात्याचे स्वतःचे बोलणे तळमजल्यावर सुरू होते. ईप्रला तिथे मालाच्या ने-आणीसाठी चौकोनी दारांची रांग आहे. इथे खांबांवर पेललेला कमानींचा व्हरांडा आहे. वैशाखातले ऊन आणि आषाढातला पाऊस सोसणाऱ्या शहरात वकील-पक्षकारांना उभे राहायला सावली लागते. खांबांच्या माथ्यांवरचे कोरीवकाम सावकाश, एकेक करून पाहावे. आतल्या मोकळ्या चौकाने दालनांना उजेड आणि वारा मिळतो. उत्तर युरोपातली घडण बंगालच्या हवेत कशी मुरली, ते या दोन जागी कळते.

पुढचा इतिहास या दोन वास्तूंचे नाते उलटे करतो. नोव्हेंबर 1914 मध्ये जर्मन तोफांच्या माऱ्यात क्लॉथ हॉल पेटला आणि महायुद्ध संपेपर्यंत त्याचे भग्नावशेष उरले. पुनर्बांधणी 1967 पर्यंत चालली. म्हणजे आज ईप्रला दिसतो तो क्लॉथ हॉल बराचसा विसाव्या शतकातला आहे आणि त्याच्यावरून बेतलेले हायकोर्ट एकोणिसाव्या. पुढे वॉर्साचे जुने गाव किंवा ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्खे पाहाल, तेव्हा जुने किती आणि पुन्हा उभारलेले किती, हा प्रश्न विचारायला हायकोर्टाने शिकवलेले असेल.

2025 पर्यंत राजभवन म्हणून ओळखली जाणारी राज्यपालांची वास्तू दुसरा धडा देते. लॉर्ड वेलस्लीच्या काळात, 1799 ते 1803 दरम्यान, कॅप्टन चार्ल्स वायटने ती बांधली, डर्बीशरमधल्या केडलस्टन हॉलच्या धर्तीवर. केडलस्टनच्या मूळ आराखड्यात मधल्या प्रासादाला चार उपप्रासाद जोडायचे होते. प्रत्यक्षात दोनच झाले. कोलकात्यात चारही झाले. बाकदार वाटांनी मुख्य इमारतीला जोडलेले हे चार बाहू वारा कुठूनही आला तरी त्याला आत घेतात. इंग्लंडमध्ये कागदावर राहिलेली कल्पना हुगळीकाठी पुरी झाली. केडलस्टनमध्ये जन्मलेला कर्झन 1899 मध्ये व्हाइसरॉय म्हणून याच घरात राहायला आला.

सामग्रीकडेही लक्ष द्यावे. गाळाच्या या प्रदेशात दगड नाही. म्हणून युरोपातला दगडी थाट इथे बहुधा वीट आणि चुन्याच्या गिलाव्यात उतरला. 1787 च्या सेंट जॉन्स चर्चसाठी गौड या जुन्या नगराच्या अवशेषांतून दगड आणला गेला, तेव्हा लोकांनी त्याला ‘पाथुरे गिर्जा’ हेच नाव दिले. लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्सच्या घडणीचे हे चर्च आत योहान त्सोफानीचे ‘लास्ट सपर’ हे चित्र जपून आहे. स्ट्रँड रोडवरच्या जुन्या टांकसाळीची दर्शनी खांबओळ अथेन्सच्या पार्थेनॉनवरून, निम्म्या मापात, विल्यम नेअर्न फोर्ब्सने रचली. याच फोर्ब्सने सेंट पॉल्स कॅथीड्रल गॉथिक शैलीत आखले. त्याचे अर्पण 1847 मध्ये झाले. 1897 आणि 1934 च्या भूकंपांत त्याचे शिखर गेले, आणि मग कँटरबरीच्या बेल हॅरी मनोऱ्यासारखा आजचा मनोरा आला. पश्चिमेची एडवर्ड बर्न-जोन्सची रंगीत काचेची खिडकी दुपार कलल्यावर, ऊन त्या बाजूला आले की पाहावी.

एवढे पाहून युरोपची यादी करायला बसले, की ती आपोआप लहान होते. एका शहरात दहा ठिकाणे उरकण्यापेक्षा तीन ठिकाणी थांबावेसे वाटते. सूर्य कोणत्या वेळी कोणत्या भिंतीवर असतो, इमारतीत आज काय चालते, तिचे काय पडले आणि पुन्हा कधी उभे राहिले, या गोष्टी निघण्याआधी टिपून ठेवल्या जातात. खरी आखणी ती.

कोलकात्याची ही फेरी हिवाळ्यात, रविवारी सकाळी कचेऱ्या बंद असताना करावी. हायकोर्ट आणि राज्यपालांची वास्तू बाहेरूनच पाहायच्या, असे धरून चालावे. आणि युरोपला जाल तेव्हा बेल्जियमसाठी एक दिवस जास्त ठेवा. ब्रुसेल्सहून आगगाडीने सुमारे दोन तासांत ईप्र येते. क्लॉथ हॉलपासून थोड्याच अंतरावर मेनिन गेट आहे; त्याच्या भिंतींवर पहिल्या महायुद्धात पडलेल्या भारतीय सैनिकांचीही नावे आहेत, आणि रोज रात्री आठ वाजता तिथे बिगूल वाजवून मानवंदना दिली जाते. त्या वेळेला तिथे हजर राहा.