सैनिकांची उपमा आणि सुजलेले सांधे

रोगप्रतिकाराचा धडा शिकवताना आपण बहुतेक सारे एकच उपमा वापरतो : पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक आणि जंतू म्हणजे शत्रू. उपमा सोपी आहे, मुलांना आवडते. पण देवगाव रंगारीच्या शाळेतल्या एखाद्या मुलीने विचारले, "आजीची बोटे रोज सकाळी सुजून आखडतात, तिथे शत्रू कोण?" तर या उपमेपाशी उत्तर नाही.

हा प्रश्न दुर्मीळ नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर पाहणी केली. तीत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण प्रौढांत सुमारे ०.५ टक्के, म्हणजे दोनशेंत एक, आढळले. म्हातारपणी गुडघे झिजतात तो विकार वेगळा. आपण मात्र दोन्हींना 'संधिवात' म्हणून मोकळे होतो.

या रोगात जंतू नसताना सांध्याच्या अस्तरात पेशी जमतात आणि 'सायटोकाइन' नावाचे निरोप्या रेणू सोडत राहतात. असे रेणू अनेक. त्यातला एक अडवला तरी बाकीचे काम चालू ठेवतील, असेच पुष्कळांना वाटे. लंडनच्या केनेडी संस्थेत मार्क फेल्डमन, लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या सांध्यातील पेशी काचपात्रात वाढवल्या व टीएनएफ हा एकच निरोप प्रतिपिंडाने अडवला. तेव्हा इंटरल्यूकिन-१ या दुसऱ्या दाहकारक रेणूची निर्मितीही घटली (१९८९). म्हणजे निरोपांना क्रम होता आणि टीएनएफ वरच्या टोकाशी होता! १९९२ मध्ये चॅरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्या रुग्णांना ते प्रतिपिंड दिले गेले. काही आठवड्यांत सूज उतरली. औषधाचा अंमल सरल्यावर परतलीही. वृत्तपत्रे अशा औषधाला 'चमत्कार' म्हणतात तेव्हा हे दुसरे वाक्य गाळतात. भारतात २०१४ पासून अ‍ॅडॅलिमुमॅबची देशी, स्वस्त आवृत्ती मिळते, तरी उपचाराची सुरुवात आजही सहसा आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्झेटनेच होते, आणि ते योग्यच आहे.

सैनिकांपेक्षा शाळेच्या घंटेची उपमा मला बरी वाटते : घंटा वाजली की वर्ग हलतात आणि ती थांबलीच नाही तर गोंधळ. अर्थात शरीरात घंटा वाजवणारा एकच शिपाई नसतो, हेही सांगावे लागेल. जंतुसंसर्गाच्या धड्यापुरते सैनिक राहू द्यावेत. पण 'प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली' हे त्यांच्यासोबत येणारे वाक्य वर्गातून जायला हवे.

मात्र घंटा अजिबात बंद करणेही महागात पडते. क्षयाच्या जंतूंभोवती पेशींचा वेढा टिकवून धरायला हाच टीएनएफ लागतो. इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या ७० रुग्णांना क्षय झाल्याची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडे तर अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्त असतात. म्हणून या औषधाच्या पहिल्या इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची चाचणी करून घेतात.