गेलेले चित्रपटगृह आणि राहिलेले नाव

जरीपटका हे नागपूरच्या उत्तर भागातील एका वसाहतीचे नाव आहे. मराठी राज्याच्या निशाणाचा वाचक असलेला हा शब्द, ज्यांपैकी अनेकांची मातृभाषा सिंधी आहे असे तेथील रहिवासी, निशाणाचे स्मरण न ठेवता रोज उच्चारतात. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना तो पत्ता म्हणून मिळाला. विशेषनामाचा मूळ अर्थ लोपला तरी त्याचे निर्देशक कार्य चालू राहते, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस नवीन नाही. नाहीशा झालेल्या चित्रपटगृहांच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहावे, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

जरीपटक्याहून सीताबर्डीस जाणाऱ्यास व्हेरायटी चौक विचारावा लागत नाही. चौकात महात्मा गांधींचा पुतळा आहे. परंतु चौक ओळखला जातो तो व्हेरायटी चित्रपटगृहाच्या नावाने, आणि ते चित्रपटगृह आता राहिलेले नाही. करमणुकीच्या विविधतेचे आश्वासन देणारा हा इंग्रजी शब्द बोलण्यात 'वेरायटी' झाला आणि त्याचा अर्थ केवळ 'चार रस्ते मिळतात ती जागा' एवढाच उरला. 'टॉकीज' या शब्दाचा प्रवासही असाच उद्बोधक आहे. इंग्रजीत तो बोलणाऱ्या चित्रपटांचा वाचक व अनेकवचनी. १९३१ साली 'आलम आरा' आल्यानंतर त्या वस्तूसाठी मराठीत 'बोलपट' हा शब्द रूढ झाला. 'टॉकीज' मात्र वास्तूकडे गेला आणि एकवचनी झाला. १९५६ मध्ये प्रांतरचना बदलली, तरी चित्रपटवितरणाच्या व्यवहारात 'सी. पी. बेरार' हा विभाग पुढेही नांदत राहिला. शब्द हा अशा रीतीने दप्तराचे काम करतो.

आपल्या चित्रपटविषयक समीक्षेने या दप्तराकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. तिचा सारा भर कृतीवर व कर्त्यावर आहे. पहिला भारतीय चित्रपट कोणता, हा वाद याचे ठळक उदाहरण होय. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी प्रदर्शित झाला, तर दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी. पहिल्यात नाटकाचेच छायाचित्रण होते व ते परदेशी छायाचित्रकाराने केले, म्हणून त्यास मान देऊ नये, असा एक पक्ष. कालानुक्रम निर्णायक मानावा, असा दुसरा. दोन्ही पक्षांच्या युक्तिवादात एक गोष्ट कडेला पडते. हे दोन्ही चित्रपट मुंबईत गिरगावातील कॉरोनेशन या एकाच चित्रपटगृहात दाखविले गेले. वर्षाच्या अंतराने तेथे आलेल्या प्रेक्षकास नाटकाचे चित्र आणि चित्रासाठी रचलेले कथानक यांतील भेद कितपत जाणवला असेल, हा प्रश्न चित्रपटगृह केंद्रस्थानी मानल्यावाचून सुचतच नाही.

आता नावांचे भवितव्य पाहा. कॉरोनेशनचे नाव ग्रंथांत आहे, वाटसरूच्या तोंडी नाही. पुण्यात मंडईजवळ १९१५ साली सुरू झालेल्या आर्यन चित्रपटगृहाची जागा पुढे वाहनतळाकडे गेली, आणि लोक त्या वाहनतळासच 'आर्यन' म्हणू लागले. व्हेरायटीचे नाव चौकाने राखले. यावरून असे दिसते की, नावाचे टिकणे घटनेच्या महत्त्वावर अवलंबून नसते. वाट सांगताना ज्या नावाची गरज पडत राहते तेच जगते. म्हणूनच लोकस्मृतीत जे उरले तेच मोलाचे होते, असे मानणे जितके चुकीचे, तितकेच ग्रंथात जे नाही ते क्षुल्लक होते, हे मानणेही चुकीचे.

स्थलनामाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. कोणता खेळ किती आठवडे चालला, तिकिटांचे दर काय होते, स्त्रियांची बसण्याची व्यवस्था कशी होती, यांपैकी काहीही नाव सांगत नाही. त्यासाठी वृत्तपत्रांतील जाहिराती आणि परवान्यांचे कागद चाळावयास हवेत. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने चित्रपट दाखविण्याच्या जागेस परवाना आवश्यक ठरविला आणि जिल्ह्यात तो देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे सोपविला. शोधाची दिशा त्यावरून ठरते. मात्र कोणते कागद मागावयाचे हे कळण्यासाठी आधी नाव कानी पडले पाहिजे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या कामास जरीपटक्यासारख्या वसाहतीतून आरंभ करावा, असे सुचवावेसे वाटते. तेथे घरात सिंधी, बाजारात हिंदी व कचेरीत मराठी असा भाषाव्यवहार आढळतो. सिंधीस आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले ते १९६७ साली. त्यापूर्वीच्या दोन दशकांत या मंडळींनी परके शहर कोणत्या नावांच्या आधाराने ओळखीचे करून घेतले, हे सांगू शकणारी माणसे आता वृद्ध झाली आहेत. कागद काही काळ थांबू शकतो. 'टॉकीजपासून डावीकडे वळा' असे सांगणारा माणूस गेला, की त्या वाक्यातली टॉकीज दुसऱ्यांदा पाडली जाते. आणि या वेळी तिच्या जागी चौकही उरत नाही.