पितळेची पारख

दोन वर्षांपूर्वी कर्जत तालुक्यातल्या एका उत्सव समितीने मला बँड स्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलावले. मी मराठी शिकवणारा मास्तर. संगीताचा आणि माझा संबंध कानापुरता. पण ‘‘तुमच्या घरातच वाजप आहे सर, तुम्हाला कळणारच,’’ असे समितीचे एक गृहस्थ हसत म्हणाले. त्या हसण्यात काय होते ते या पानांच्या वाचकांना फोडून सांगायला नको. गुणपत्रिका हाती आली. गणवेश 20, शिस्त 20, गाण्यांची निवड 20, प्रेक्षकांचा प्रतिसाद 20 आणि वादन 20. म्हणजे तोंडाला वाद्य न लावता एखादे पथक शंभरात ऐंशी गुण मिळवू शकत होते. पहिला क्रमांक जाहीर झाला, बँडच्या मालकाने ढाल घेतली, फोटो निघाला. मी म्हणालो, वाजवणाऱ्यांची नावे तरी वाचा. उत्तर आले, ‘‘बँडचं नाव घेतलंय की. माणसांची कशाला?’’

हा लेख त्या ‘कशाला’चे उत्तर आहे.

त्याच सुमारास पुण्याला शिकणारा माझा एक जुना विद्यार्थी मला मोबाइलवर पाश्चात्त्यांची पितळी पंचके पाठवत असे. दोन ट्रम्पेट, एक हॉर्न, एक ट्रॉम्बोन आणि एक ट्युबा अशा पाच वाद्यांचा हा मेळ. ढोल नाही, ताशा नाही, ठेका धरायला कुणी नाही. ताल, सूर, भरणा, सगळे पाच माणसांच्या फुंकेतून उभे करायचे. या प्रकारात श्रेष्ठ कोण, यावर तिकडे हिरिरीने वाद होतात आणि याद्या निघतात. लंडनच्या फिलिप जोन्सने 1951 साली आपला ताफा उभा केला. 1954 साली न्यूयॉर्क ब्रास क्विंटेट आले आणि 1960 साली अमेरिकन ब्रास क्विंटेट. टोरोंटोला 1970 साली कॅनेडियन ब्रास निघाले. 1972 साली एम्पायर ब्रास. मी हे सगळे ऐकले. एकदा नाही, पुष्कळदा. कर्जतच्या माणसाने हे ऐकून काय करायचे, असे कुणी विचारील. ज्या वाद्यावर माझ्या घरातल्या तीन माणसांची दातपाडी झाली, त्या वाद्याचे जगात काय झाले हे ऐकण्याचा मला सर्वांआधी हक्क आहे, एवढेच मी म्हणतो.

माझे मत सांगतो. फिलिप जोन्सच्या ताफ्यात स्वर इतका स्वच्छ की पितळ आहे हे विसरायला होते. आणि तीच मला त्याची उणीव वाटते. पितळेने पितळ असावे. अमेरिकन ब्रास क्विंटेटने ट्युबा नाकारून तिथे बेस ट्रॉम्बोन घेतला, त्यामुळे त्यांचा तळ हलका आणि धारदार झाला. नव्या, अवघड रचना वाजवण्याची जिद्द त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणात मला दिसली नाही. कॅनेडियन ब्रास हे लोकांत मिसळणारे. थट्टा करतात, पाठ करून वाजवतात आणि कार्यक्रमाच्या आरंभी पुष्कळदा प्रेक्षकांच्या मधल्या वाटेने चालत, वाजवत रंगमंचावर येतात. अभिजनांचे समीक्षक याला चमकोगिरी म्हणतील. मला मात्र इथेच मुद्दा सापडला.

चालत येताना ते जे भजन वाजवतात ते न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या लोकांच्या अंत्ययात्रेतले आहे. मढे पुरायला नेताना संथ लयीत वाजायचे आणि परतीच्या वाटेवर नाचायला लावणारे. म्हणजे सभागृहातल्या पंचकाने रस्त्यावरच्या बँडची चाल उसनी घेतली. फरक एवढाच की सभागृहात चालणे ही गंमत असते. रस्त्यावर ती मजुरी असते.

रस्त्यावर वाजवणाऱ्याची श्रेष्ठता कोणत्या निकषांवर ठरवायची? बसून वाजवणाऱ्याचे निकष इथे अपुरे पडतात. आमचा ट्रम्पेटवाला मे महिन्याच्या उन्हात, तापलेले पितळ ओठांना लावून, उलटे चालत, खड्डा चुकवत, नाचणाऱ्या दारुड्याचा कोपर चुकवत वाजवतो. समोर कागद नाही. एक-दोनदा कानावर पडलेले सिनेमातले गाणे, अंतऱ्यामधल्या व्हायोलिनच्या जागांसकट, त्याला तीन पिस्टनांत बसवायचे असते. वरात कुठे थांबेल, कधी पळेल, कोण ‘‘वाज रे’’ म्हणून अंगावर येईल, हे रचनाकाराने लिहून ठेवलेले नसते. पुढचा ओळ टाकतो, मागचे ती उचलतात. आणि पुढच्याचा दम संपत आला हे मागच्याला त्याच्या मानेवरून कळावे लागते. हा परस्परांचा दम ओळखण्याचा गुण मी श्रेष्ठतेचा पहिला निकष मानतो. गंमत अशी की पंचकाचे जाणकारही शेवटी तिथेच येतात. पाचांपैकी एकाचा श्वास चुकला की मेळ फुटतो.

पण मी हेही म्हणणार नाही की आमचे ते सगळे थोर. पुष्कळ बँड बेसूर वाजतात. हंगामाच्या तोंडावर उचल देऊन गोळा केलेली पोरे, निम्म्यांना वाद्य नीट धरता येत नाही, केवळ रांग भरण्यासाठी अंगात लाल कोट. हे वाईट आहे आणि ते वाईट म्हणून सांगितले पाहिजे. आमचे आहे म्हणून चांगले, ही दयेची समीक्षा झाली. दया दाखवणारे गावात आधीच पुष्कळ आहेत. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या 1996 सालच्या पुस्तकात वेगळ्या निकषांचा आग्रह धरला. वेगळे निकष म्हणजे सैल निकष, असा सोयीचा अर्थ काहींनी काढला. वाजवण्यात तो काढता येत नाही. सूर लागला की लागला, नाही तर नाही.

आता बडी बोल्डनबद्दल. हा न्यू ऑर्लिन्सचा काळा कॉर्नेटवादक 1877 साली जन्मला. 1907 साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकले ते 1931 साली तिथेच मरेपर्यंत. त्याच्या वादनाची एकही तबकडी आज नाही. तरीही जाझचा इतिहास लिहिणारा त्याच्या नावाशिवाय सुरुवात करत नाही. का? त्याच्या माणसांनी सांगितले म्हणून. त्याच्यामागून आलेले वाजवणारे म्हातारपणापर्यंत म्हणत राहिले की बोल्डनची फुंक आम्ही ऐकली होती. लुई आर्मस्ट्राँगचे 1923 पासून ध्वनिमुद्रण झाले, त्याला पुरावा आहे. बोल्डनला फक्त साक्षीदार आहेत, आणि तेवढे पुरले.

आमच्याकडे साक्षीदार कुठे गेले?

मराठी कवितेत तुतारी आहे. केशवसुतांची ‘तुतारी’ 1893 सालची. शाळेत आपण सर्वांनी ती घोकली आणि मी ती शिकवतोही. बंडाची, नव्या मनूची कविता म्हणून मला तिचा आदर आहे. पण त्या कवितेत तुतारी आणून मागितली आहे. कुणाकडून आणायची आणि ज्याच्या हातात ती पिढ्यान्‌पिढ्या होती त्याचे काय, हा प्रश्न तिला पडत नाही. देवळात सनई वाजवणाऱ्या गुरवाला पायरीच्या आत जागा आणि तीच सनई फुंकणारा मांग वेशीबाहेर, हा भेद वाद्याचा नव्हता. 2024 च्या निवडणुकांत तुतारी वाजवणारा माणूस हे एका पक्षाचे चिन्ह होते, तेव्हा आमच्या तालुक्यात तो माणूस भिंतीभिंतीवर दिसला. सभांना खरे तुतारीवालेही सुपारी देऊन आणले गेले. चिन्हातल्या माणसाला मते मिळाली. खऱ्या माणसाचे नाव विचारलेले मी तरी पाहिले नाही.

हा प्रस्थापितांचा दोष झाला. तो सांगून हात झटकणे सोपे आहे. आपला दोष निराळा आहे, आणि तो सांगण्यासाठीच मी हे या नियतकालिकात लिहितो.

बाबासाहेबांनी गावकीची कामे सोडा म्हणून सांगितले. 1928 साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. मेलेले ढोर ओढणे, सांगावा नेणे, दारात वाजवणे हे सोडणे म्हणजे माणूस होणे होते. ज्यांनी सोडले त्यांनी बरोबरच केले, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण आमच्या समाजातल्या पुष्कळांनी सोडले नाही, कारण सोडून खायचे काय याचे उत्तर हाती नव्हते. मग हलगी वाजवणारा मातंग हा चळवळीच्या दृष्टीने मागे राहिलेला, लाज आणणारा भाऊ ठरला. सभेत त्याने वाजवावे, पण व्यासपीठाच्या खाली. जयंतीच्या मिरवणुकीत त्याची सुपारी ठरवताना घासाघीस करणारे आपलेच कार्यकर्ते मी पाहिले आहेत. पाटलाने घासाघीस केली तर ते शोषण. आपण केली तर ते काय?

आपण गुलामी नाकारली ते योग्य. त्या नाकारण्याच्या भरात वाजवणाऱ्याचे कसबही मोजायचे नाकारले, हे अयोग्य. काम लादलेले होते. कसब त्याने स्वतः कमावले होते. ही दोन वेगळी आहेत एवढे म्हणायला आपल्या समीक्षेला पन्नास वर्षे लागू नयेत. आपल्या आत्मकथनांत वाजप येते ते बहुधा अपमानाचा प्रसंग म्हणून. तो अपमान खरा आहे. पण त्या दिवशी सूर कसा लागला होता, हे लिहायचे राहून गेले. भारतीय लग्नाच्या बँडवाल्यांवरचे मोठे पुस्तक, ‘ब्रास बाजा’, ग्रेगरी बूथ नावाच्या परदेशी अभ्यासकाने लिहिले, 2005 साली. आपल्यापैकी कुणी लिहिले नाही.

संगीत ही आपल्याकडे निरुपद्रवी गोष्ट नाही, हे आणखी वेगळे सांगायला हवे का? याच जिल्ह्यात, शिर्डीला, मे 2015 मध्ये मोबाइलवर वाजलेल्या आंबेडकरगीतावरून झालेल्या वादातून एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सूर कुणाचा आहे हे ऐकणाऱ्याला बरोबर कळते.

आणि सूर फिरतात कसे तेही पाहा. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला पुणतांबे. तिथे 1918 साली जन्मलेले सी. रामचंद्र मुंबईत संगीतकार झाले. त्यांनी गोव्याच्या चिक चॉकलेटला, म्हणजे अँटोनिओ झेवियर वाझ या ट्रम्पेटवाल्याला, जवळ केले. 1951 च्या ‘अलबेला’तले पितळ ऐका. न्यू ऑर्लिन्सहून निघालेली फुंक गोव्याच्या माणसाच्या ओठांतून पुणतांब्याच्या माणसाच्या चालीत उतरली, आणि तिथून वरातीवरातीत पोचली. कर्जतला आषाढात गोदड महाराजांचा रथ निघतो, गावोगाव कुस्त्यांचे हगामे होतात. त्या गर्दीत आमची हलगी, घुमकं आणि कैताळ कडकडत असताना शेजारून एखादा बँड ‘अलबेला’ वाजवत गेलेला मी लहानपणी ऐकला आहे. चाल रामचंद्रांची हे सर्वांना ठाऊक होते. ट्रम्पेट चिक चॉकलेटचा हे एखाद्याला ठाऊक असेल. आमच्या गल्लीत ती कुणी उतरवली?

ती तात्यांनी उतरवली. तात्या माझे थोरले चुलते. नगरच्या बँडमध्ये त्यांनी सव्वीस हंगाम ट्रम्पेट वाजवला. आता वरचे दात नाहीत, डाव्या कानाने ऐकू येत नाही. मागच्या दिवाळीत मी त्यांच्या उजव्या कानाशी मोबाइल धरून ही पंचके एकामागून एक ऐकवली. मी समीक्षक म्हणून जे ऐकले ते वर लिहिले. तात्यांनी काय ऐकले ते असे :

‘‘पुढचे दोघं तयारीचे हायेत. पर त्यांचं सोड. पुढच्याला सगळेच वळखत्यात. ह्यो मधी कोण हाय? गुरगुरल्यावानी?’’

मी म्हणालो, ‘‘हॉर्न आहे तो, तात्या.’’

‘‘त्यो खरा वाजिवणारा. दोघांच्या मधली फट बुजवतोय बघ. त्यो गपला की समदं उघडं पडंल. आमच्यात युफोनियमवाला व्हता असा. वरातीत कुनाला त्यो दिसायचा बी न्हाई. म्या चुकलो की त्यो माझी चूक गिळायचा.’’

सभागृहात ऐकणारा पहिल्या ट्रम्पेटला श्रेष्ठ म्हणतो. सव्वीस हंगाम पहिला ट्रम्पेट वाजवलेला माणूस मधल्या हॉर्नला श्रेष्ठ म्हणाला. इतक्या याद्या वाचून मला हे सुचले नव्हते. आता माझी निवड विचाराल तर मी ती या एका कसोटीवर करीन : दुसऱ्याची चूक गिळता येणारा वाजवणारा ज्या ताफ्यात आहे, तो ताफा. स्पर्धेच्या गुणपत्रिकेत याला रकाना नव्हता.

कॅनेडियन ब्रास संपल्यावर तात्यांनी विचारले, ‘‘त्या मधल्याचं नाव लिव्हलंय का कुठं?’’

मी म्हणालो, लिहिलंय. तबकडीच्या वेष्टनावर पाचही जणांची नावे छापतात.

‘‘पाची?’’

‘‘पाची.’’

ते थोडा वेळ गप्प बसले. मग आपल्या युफोनियमवाल्याचे नाव त्यांनी आडनावासकट, गावासकट सांगितले, बापाच्या नावासकट सांगितले, आणि म्हणाले, ‘‘वहीत घे.’’ त्या संध्याकाळी त्यांनी नऊ जणांची नावे दिली. दोघांची फक्त टोपणनावे आठवत होती. त्या दोघांसाठी मी येत्या हंगामात नगरला जाणार आहे.