‘बेबी’ हे उपपद आणि नंदा यांचा अभिनय

मराठी चित्रपटसृष्टीच्या पूर्वकाळात नटनटींच्या नावांआधी ‘मास्टर’ व ‘बेबी’ ही उपपदे लावीत. दोन्ही परभाषेतून आली. परंतु मराठीत त्यांचे दैव सारखे ठरले नाही. ‘मास्टर’ या शब्दास शिक्षकाचा व कलावंताचा मान चिकटला. मास्टर दीनानाथ, मास्टर विनायक यांस तो आमरण शोभला. ‘बेबी’स असे प्रौढपण कधीच लाभले नाही. ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’तील (१९४४) बेबी शकुंतला २०१५ साली निवर्तल्या, त्याही ‘बेबी’ म्हणूनच.

नंदा यांच्या कारकिर्दीचा विचार या भेदापासून आरंभणे युक्त होय. १९४७ साली विनायकरावांचे निधन झाले आणि ‘मंदिर’ (१९४८) या चित्रपटातून त्यांची कन्या ‘बेबी नंदा’ म्हणून पडद्यावर आली. पितृवियोगानंतरचे हे काम केवळ हौसेचे उरणे शक्यच नव्हते. शांतारामबापूंच्या ‘राजकमल’चा ‘तूफान और दिया’ (१९५६) आला आणि उपपद गळाले; पण गळाले ते केवळ श्रेयनामावलीतून. ‘छोटी बहन’ (१९५९) हे शीर्षकच पाहावे. विशेषण व नातेवाचक नाम मिळून येथे जुन्या ‘बेबी’चेच कार्य करतात. नायिका अंध होते, भावाच्या छायेवाचून तिला गती नाही. वाक्याच्या अखेरीस उतरणारा स्वर व झुकणारी नजर ही नंदा यांची लकब याच साच्यात मुरली. ‘आंचल’मधील (१९६०) भूमिकेस फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले, तेही साहाय्यक अभिनेत्रीचे. त्यांच्या ‘सोज्वळ’पणाची स्तुती पुष्कळ झाली. त्या विशेषणाने त्यांच्या कोणत्या शक्यता झाकल्या, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत धानाची कापणी झाली म्हणजे रात्ररात्र नाटके रंगतात. तेथे नटीचे बालरूप प्रेक्षकाच्या आठवणीत उरते, आणि आठवण वयाबरोबर बदलत जाते. चित्रपटाची फीत तशी बदलत नाही. मोठ्या झालेल्या नटीस आपल्याच बालमुद्रेशी स्पर्धा करावी लागते.

यश चोप्रा यांचा ‘इत्तेफाक’ (१९६९) या दृष्टीने निर्णायक ठरतो. एक रात्र, एक घर, आत शिरलेला एक फरारी. गीत एकही नाही. घरातील स्त्री निरागस असल्याचा पुरावा कथेत जवळजवळ नाहीच. प्रेक्षक तो नंदा यांच्या चेहऱ्यावरून, म्हणजे पूर्वीच्या चित्रपटांवरून, स्वतःच पुरवितो. शेवटी पतीच्या हत्येत तिचाच हात असल्याचे उघड होते, तेव्हा फसगत कथेने केलेली नसते. ती वीस वर्षांच्या ओळखीने केलेली असते. स्वर तोच, नजरही तीच. अर्थ मात्र उलटलेला. ‘जब जब फूल खिले’ची (१९६५) लोकप्रियता कितीही मोठी असो, अभिनेत्री म्हणून त्यांची खरी कसोटी येथे लागली.

या वाटेने पुढे नेणाऱ्या भूमिका त्यांना फारशा लाभल्या नाहीत. ‘प्रेम रोग’मध्ये (१९८२) त्या नायिकेची आई झाल्या. ती नायिका पद्मिनी कोल्हापुरे. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’मध्ये (१९७८) नायिकेचे बालपण तिनेच साकारले होते. नंदा २५ मार्च २०१४ रोजी मुंबईत निवर्तल्या.