व्यवहारमयूखाची पोथी आणि कायद्याची पदवी

कायद्याच्या पदवीचा अभ्यास करणारा एक विद्यार्थी गेल्या पावसाळ्यांत आमच्याकडे आला होता. संस्कृताचे कांहीं पाठ त्यानें पूर्वीं आमच्यापाशीं घेतले होते. त्याच्या टिपणांत, निपुत्रिक मृताच्या आईबापांच्या वारसाविषयीं, मिताक्षरेचा आधार 'अध्याय २, प्रकरण ३' असा दिलेला होता. त्या ठिकाणचें मूळ वाक्य आमच्या संग्रहांतील पोथींत काढून दाखवावें अशी त्याची विनंति होती. आम्हीं पोथी सोडली, व्यवहाराध्याय काढला. परंतु 'प्रकरण ३' म्हणून कांहीं तींत सांपडेना. तें सांपडणारहि नव्हतें. तो विभाग विज्ञानेश्वराचा नसून कोलब्रुक साहेबाचा आहे, हें त्या विद्यार्थ्यास कोणीं सांगितलेलें नव्हतें.

इ. स. १८१० मध्यें कोलब्रुकनें मिताक्षरेंतील दायविभागाचा भाग व जीमूतवाहनाचा दायभाग ह्या दोहोंचें इंग्रजी भाषांतर एकत्र प्रसिद्ध केलें. मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका. तिचे अध्याय आचार, व्यवहार व प्रायश्चित्त असे तीन, आणि ती श्लोकामागून श्लोक घेत चालते. भाषांतरकारानें आपल्या वाचकांच्या सोयीसाठीं तिच्या एका तुकड्याचे अध्याय, प्रकरणें व परिच्छेद पाडले. न्यायालयांनीं तेच आकडे उचलले, क्रमिक पुस्तकांनीं ते न्यायालयांकडून घेतले, आणि आज दोनशें वर्षांनंतरहि विद्यार्थी तेच पाठ करतो. 'मिताक्षरा' आणि 'दायभाग' असे दोन परस्परविरोधी 'संप्रदाय' तो परीक्षेंत लिहितो; मात्र दायविभागाचें प्रकरण मिताक्षरेंतहि आहे, व तिचा बहुतेक ग्रंथ वारसाहून निराळ्याच विषयांवर आहे, ह्याची त्यास कल्पना नसते. 'मयूख' ह्या नांवाचीहि तीच गत. नीलकंठभट्टाच्या भगवंतभास्करांतील बारा किरणांपैकीं व्यवहारमयूख हा एक किरण होय. तें एक सुटें कायद्याचें पुस्तक आहे असाच समज सर्वत्र दिसतो.

प्रस्तुत लेखांत आम्हांस परीक्षण करावयाचें आहे तें एखाद्या ग्रंथाचें नव्हे, तर ह्या वाचनपद्धतीचें. कायद्याच्या पदवीच्या अभ्यासांत धर्मशास्त्र सिद्धांताच्या रूपानें शिकविलें जातें, ग्रंथाच्या रूपानें नाहीं. आणि त्यामुळें पदवीधराच्या ठिकाणीं आधार तपासून पाहण्याचें सामर्थ्य येत नाहीं, असा आमचा आक्षेप आहे.

त्या विद्यार्थ्याचाच प्रश्न उदाहरणासाठीं घेऊं. याज्ञवल्क्यानें वारसांच्या क्रमांत आईबापांसाठीं 'पितरौ' असा एकच शब्द योजिला आहे. मग आधीं आई कीं आधीं बाप? पाणिनीच्या १.२.७० ह्या सूत्रानें हा एकशेष सिद्ध होतो. शब्दांत माता दिसत नाहीं, पण ती त्यांत आहे. विज्ञानेश्वर म्हणतो कीं, ह्या शब्दाचा विग्रह करतांना माता प्रथम येते, व एकशेष न करितां द्वंद्व केला तरी माताच प्रथम येते. शिवाय बाप हा सावत्र मुलांचाहि बाप असतो, आई मात्र आपल्याच मुलांची, म्हणून तिची प्रत्यासत्ति अधिक. सबब आई आधीं. नीलकंठास हें मान्य नाहीं. विष्णुवचनाच्या आधारें तो बापास आधीं बसवितो. ह्या मतभेदाचा परिणाम असा झाला कीं, मुंबई इलाख्यांत रत्नागिरीकडे मिताक्षरेप्रमाणें आई वारस ठरे, आणि गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोंकण ह्या मयूखाच्या प्रांतांत बाप वारस ठरे. एका शब्दाच्या विग्रहावर घरें आणि शेतें इकडचीं तिकडे होत होतीं!

क्रमिक पुस्तकांत ह्यांतील काय उतरतें? 'मिताक्षरेप्रमाणें आई, मयूखाप्रमाणें बाप', एवढी एक ओळ. ती खोटी नाहीं. परंतु तिच्यांतून हेतु गळाला आहे, आणि हेतु गळाला कीं वाद संपला. विज्ञानेश्वराचीं कारणें दोन आहेत, एक व्याकरणाचें व एक नात्याचें. पहिलें दुबळें ठरलें तरी दुसरें उभें राहतें, हें ज्यास ठाऊक आहे तोच प्रतिपक्षाशीं भांडूं शकतो. नुसती ओळ पाठ केलेला वकील भांडूं शकत नाहीं. तो फक्त सांगूं शकतो.

ही स्थिति प्रथमपासून नव्हती. कंपनीच्या अमदानींत न्यायालयांत शास्त्री नेमलेले असत. न्यायाधीशानें प्रश्न घालावा व शास्त्र्यानें आधारासह व्यवस्था द्यावी, असा क्रम होता. मुंबई इलाख्यांतील अशा व्यवस्था वेस्ट व ब्यूलर ह्या दोघांनीं जमवून १८६७ पासून छापल्या. त्या चाळल्या म्हणजे शास्त्र्यांचें बहुश्रुतत्व व त्यांचे प्रमाद ही दोन्ही दिसतात. १८६४ च्या ११ व्या कायद्यानें शास्त्र्यांचीं हीं पदें मोडलीं. त्या दिवसापासून शास्त्राचें ज्ञान वकिलाच्या व न्यायाधीशाच्या स्वतःच्या डोक्यांत असणें प्राप्त झालें, आणि म्हणून तें देण्याची जबाबदारी कायद्याच्या पदवीवर आली. मुंबई विद्यापीठ तेव्हां सात वर्षांचें होतें. शास्त्री गेला, त्याच्या जागीं पोथी वाचणारा वकील यावयास हवा होता. आला तो बहुधा भाषांतर वाचणारा.

'बहुधा' म्हणण्याचें कारण असें कीं, ह्याला थोर अपवाद आपल्याच प्रांतांत झाले. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक हे मुरूडचे, व्यवसायानें वकील. बोराडेलनें १८२७ मध्यें सुरतेस छापलेलें मयूखाचें भाषांतर वर्षानुवर्षें न्यायालयांत चालत असतां, मंडलिकांनीं १८८० मध्यें मूळ संहिता, नवें भाषांतर, संपूर्ण याज्ञवल्क्यस्मृति व देशाचारांवरील परिशिष्टें असा ग्रंथ सिद्ध केला. न्यायमूर्ति तेलंग हे मुद्राराक्षसाचे संपादक. तेच १८८९ मध्यें उच्च न्यायालयांत बसले. पुण्याच्या विधिमहाविद्यालयाचे पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे ह्यांनीं हिंदु धर्मशास्त्राचे मूळ ग्रंथ व भाषांतरें ह्यांची माला चालविली. आणि पां. वा. काणे ह्यांची १९२६ मधील व्यवहारमयूखाची आवृत्ति तर ह्या सर्वांवर कळस होय. काणे स्वतः कायद्याचे पदवीधर व वकील होते. त्यांनीं पोथ्या मिळविल्या, पाठभेद नोंदले, नीलकंठाच्या कुलाचा व कालाचा निर्णय केला, आणि प्रत्येक महत्त्वाच्या विधानास इतर निबंधांशीं ताडून पाहिलें. नीलकंठाचें घराणें मूळ पैठणचें व काशीस जाऊन राहिलेलें. शिवराज्याभिषेकाचा गागाभट्ट हा त्याच्या चुलतभावाचा मुलगा. ज्या ग्रंथानें मुंबई इलाख्याच्या निम्म्या भागाचा वारसा ठरविला, त्याचें मूळ असें गोदातीरास आहे, हें कायद्याच्या किती पदवीधरांस ठाऊक असेल?

काण्यांच्या आवृत्तीविषयीं आमचा आदर पूर्ण आहे. तरी एक उणीव नमूद करणें भाग आहे. तिच्या टिपा व प्रस्तावना इंग्रजींत आहेत. कालाची गरज तशीच होती हें खरें. तथापि त्यामुळें तो ग्रंथ मराठींत शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या व जुन्या वळणाच्या शास्त्र्याच्या हातून निसटला. इंग्रजी येणारास मूळ नको होतें आणि मूळ येणारास इंग्रजी नव्हतें. पाठभेद पानाच्या तळाशीं छापून राहिले. ते पाहणारा विरळा. ही उणीव संपादकाची म्हणण्यापेक्षां पुढील पिढ्यांची म्हणावी, कारण त्या टिपांचें सार मराठींत विद्यार्थ्यांपुढें ठेवण्याचें काम आपण केलेलें नाहीं.

ह्यावर असा आक्षेप येईल कीं, १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें हा सारा वाद मिटविला आहे. आतां मयूख वाचून उपयोग काय? आक्षेप विचारणीय आहे, पण पुरता खरा नाहीं. पहिली गोष्ट, त्याच कायद्यानें आईला पहिल्या वर्गांत व बापाला दुसऱ्या वर्गांत बसविलें. विज्ञानेश्वराची व नीलकंठाची तक्रार ज्यास ठाऊक आहे त्यास ही योजना निराळीच बोलकी वाटते. दुसरी, मिताक्षरेच्या समाईक कुटुंबाची कल्पना त्या कायद्यानें मोडली नाहीं. २००५ च्या दुरुस्तीनें मुलीला त्यांत जन्मतः हक्क दिला, आणि त्या दुरुस्तीचा अर्थ लावतांना सर्वोच्च न्यायालयास २०२० मध्यें मिताक्षरेच्या कल्पनांची विस्तारानें चर्चा करावी लागली. तिसरी, १९५६ च्या पूर्वीं मेलेल्या मनुष्याच्या मिळकतीचा प्रश्न आजहि उठतो. स्वकष्टार्जित मिळकतीवरील मुलीच्या वारसाचा असाच प्रश्न २०२२ च्या जानेवारींत त्याच न्यायालयापुढें आला, तेव्हां स्मृति व टीका पुन्हां उघडाव्या लागल्या. शास्त्र न्यायालयांतून गेलेलें नाहीं. गेला आहे तो शास्त्र वाचणारा.

आतां दुसरी बाजू. शास्त्राच्या वचनापेक्षां स्पष्ट सिद्ध झालेला आचार बलवत्तर, असें प्रिव्ही कौन्सिलनें १८६८ मध्यें मदुरेच्या दत्तकाच्या दाव्यांत ठरविलें. मग आचार सिद्ध कशानें करावयाचा? आमच्या प्रांतापुरतें उत्तर उघड आहे: महजर, निवाडपत्रें, वतनपत्रें, वांटणीपत्रें. वि. त्र्यं. गुणे ह्यांनीं १९५३ मध्यें मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर जो ग्रंथ लिहिला, तो अशाच कागदांच्या बळावर. हे कागद मोडींत आहेत. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत कौटुंबिक कायदा, मिळकतीचा कायदा व पुराव्याचा कायदा हे विषय सक्तीचे आहेत, व ते असावेतच. परंतु मोडीचें एक पान वाचावें किंवा संस्कृत संहितेचें एक पृष्ठ लावावें अशी सक्ति तेथें कोठेंहि नाहीं. परिणामीं वतनाच्या किंवा इनामाच्या दाव्यांत वकील आपल्याच पक्षकाराचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेतो, आणि जें वाचून दाखविलें तें त्यास निमूटपणें मान्य करावें लागतें.

येथें आमच्या संग्राहक बांधवांसहि दोन शब्द सांगणें अवश्य आहे. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यांतून पुढें आला तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरें मानण्याची मुभा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या ९० व्या कलमानें न्यायालयास दिली होती; १ जुलै १९२४ ला नव्हे, तर १ जुलै २०२४ ला अमलांत आलेल्या नव्या साक्ष अधिनियमांत ती ९२ व्या कलमांत कायम आहे, इतका हा नियम टिकाऊ ठरला. हें अनुमान सहीपुरतें व हस्ताक्षरापुरतें आहे, मजकुराच्या खरेपणाविषयीं नव्हे, हें विसरूं नये. परंतु 'योग्य ताबा' ह्या दोन शब्दांत आमची सर्वांची परीक्षा आहे. वाड्यांतून रुमाल उचलतांना तो कोणाच्या घरचा, कोणत्या फडताळांतला, त्यांत आणखी कोणते कागद होते, हें आपण कितीवेळां लिहून ठेवतों? सुंदर शिक्क्याचा कागद निराळा काढून बाकीचे रद्दींत घालणारा संग्राहक त्या कागदाचा इतिहास पुसतो, व पुढेंमागें एखाद्या कुटुंबाचा पुरावाहि दुबळा करतो. विद्यार्थ्यास मूळ वाचतां येत नाहीं हा त्याचा दोष असेल. मूळ कोठून आलें हें आम्ही सांगूं शकत नाहीं हा आमचा आहे.

उपाय मोठा नाहीं. व्यवहारमयूखांतील दायविभाग, काण्यांच्या पाठभेदांसह, एका सत्रांत मूळांतून लावावा. त्याबरोबर एक निवाडपत्र मोडींतून वाचून त्यांतील वादी, प्रतिवादी, साक्षी व निर्णय वेगळे काढावे. एवढ्यानें कोणी पंडित होणार नाहीं. परंतु छापील ओळीमागें एक ग्रंथ आहे, ग्रंथामागें पोथ्या आहेत, आणि पोथ्यांत मतभेद आहेत, इतकें त्यास स्वतःच्या डोळ्यांनीं दिसेल. क्रमिक पुस्तकें राहोत. परीक्षेच्या घाईंत तीं लागतातच.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं 'पितरौ' वरील टीका दोन दिवसांत लावून दिली. तिसऱ्या दिवशीं तो मयूखाचें पान मागावयास आला, आणि नीलकंठानें विज्ञानेश्वराच्या दुसऱ्या कारणास उत्तर दिलें आहे कीं नाहीं, असें त्यानें विचारलें. असा प्रश्न ज्यास सुचतो त्याच्यासाठीं पोथ्या उघड्या राहिल्या पाहिजेत. ज्यांच्या संग्रहीं व्यवहारमयूखाच्या अथवा मिताक्षरेच्या व्यवहाराध्यायाच्या पोथ्या असतील, त्यांनीं निदान त्यांचा लेखनकाल, लेखकाचें नांव, पत्रसंख्या व मूळ घर इतका तपशील मंडळाकडे कळवावा, अशी आमची विनंति आहे.