‘असुर’मधील काशी : भयानक आणि बीभत्स

भयकथेला स्थळ लागते, आणि ते स्थळ बहुधा भयाला आधीच अनुकूल असते. ओसाड वाडा, गावाबाहेरची विहीर, बंद पडलेली खोली या साऱ्यांशी नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या वाचकाचा जुना परिचय आहे. काशी मात्र या कामी अवघड नगरी होय. तेथे मृत्यू लपविला जात नाही. मणिकर्णिकेवर अहोरात्र चिता जळत असतात आणि शेजारच्या गल्लीतून दूधवाला, यात्रेकरू व तिरडी एकाच वाटेने जातात. काशीत देह ठेवणाऱ्याच्या कानात शंकर स्वतः तारकमंत्र सांगतो, अशी श्रद्धा आहे. म्हणूनच कित्येक वृद्ध केवळ मरणासाठी तेथे जाऊन राहतात. ज्या नगरीत मरण हाच लाभ मानला गेला, तेथे मरणाचे भय उभे करावयाचे कसे? गौरव शुक्ल यांची निर्मिती व ओनी सेन यांचे दिग्दर्शन असलेल्या ‘असुर’ या हिंदी वेबमालिकेचा विचार या प्रश्नापासून करावयास हवा.

ही मालिका २ मार्च २०२० रोजी ‘वूट’वर आली, दुसरे पर्व १ जून २०२३ रोजी ‘जिओसिनेमा’वर प्रदर्शित झाले. मुखवटा चढविलेली प्रेते, तोडलेली तर्जनी, एकामागून एक बळी आणि त्यांचा माग काढणारे न्यायवैद्यक तज्ज्ञ अशी तिची बाह्य रचना आहे. पाश्चात्य चित्रपटात ज्या प्रकाराला ‘स्लॅशर’ म्हणतात, त्याचा आणि तपासकथेचा येथे संकर झाला आहे. या प्रकाराची घडण ज्या चित्रपटाने पक्की केली, तो जॉन कार्पेंटर यांचा १९७८ सालचा ‘हॅलोवीन’. त्याचा आरंभ एका सहा वर्षांच्या मुलाच्या हातून होणाऱ्या हत्येने होतो. ‘असुर’ही आपल्या खुन्याचे मूळ बालपणात शोधते, आणि ते बालपण वाराणसीत ठेवते. हे बालपणाचे प्रकरण सलग येत नाही. तपासाच्या धावपळीत ते तुकड्यातुकड्यांनी डोकावते. परंतु मालिकेत टिकाऊ असे जे काही आहे, ते याच तुकड्यांत आहे.

शुभ जोशी हा पुरोहिताचा मुलगा. बुद्धी तीव्र, पाठांतर चोख. प्रश्न मात्र असे विचारतो की पिता अस्वस्थ व्हावा. जन्मवेळेच्या ग्रहस्थितीवरून पित्याने या मुलाला असुर ठरवून टाकले आहे, आणि तो त्याला तसेच वागवितो. विशेष बन्सल या बालकलाकाराने हा मुलगा फार संयमाने उभा केला आहे. त्याच्या चेहऱ्यावर क्रोध क्वचितच दिसतो. दिसते ती ऐकून घेण्याची एक विलक्षण शांत सवय. आपण कोण आहोत हे मुलाला घरात रोज सांगितले जाते आणि मूल ते ऐकत राहते. या दृश्यांत रक्त जवळजवळ नाही, तरीही संपूर्ण मालिकेत खरे भय वाटते ते येथेच.

याचे कारण आपल्या रसविचारात सापडते. भरताने भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगळे मानले. एकाचा स्थायी भाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. स्लॅशर प्रकाराची सतत होणारी गफलत अशी की तो जुगुप्सेलाच भय समजतो. छिन्न बोट पाहून प्रेक्षक तोंड फिरवितो. पण तोंड फिरविणे म्हणजे भिणे नव्हे. भयाला पुढे काय होणार याची चाहूल लागते. जुगुप्सेला समोर जे आहे तेवढेच पुरते. तपासाच्या भागांत दिग्दर्शक एकामागून एक प्रेते मांडतो आणि दर प्रेतागणिक परिणाम उणावत जातो. उलट, घाटाच्या पायऱ्यांवर पित्यामागे मुकाट चालणारा मुलगा पाहताना पुढचे सारे जाणवू लागते. काशीच्या अडचणीचे उत्तरही येथेच मिळते. या नगरीत मरण्याचे भय उभे राहत नसेल. पण तेथे जन्मास येण्याचे भय उभे राहू शकते. शरीब हाश्मी यांनी रंगविलेल्या अधिकाऱ्याचे नाव लोलार्क आहे. काशीतील लोलार्क कुंडात भाद्रपद शुद्ध षष्ठीला अपत्यप्राप्तीसाठी दांपत्ये स्नान करतात. लेखकाने हे नाव कितपत जाणून योजिले कोण जाणे. पण जेथे संततीसाठी इतका नवस, तेथेच पोटच्या मुलाला असा नकार, हा विरोध कथेला फार जवळचा आहे.

पित्याचा मृत्यू मुलाच्या हातून घडतो आणि प्रकरण धनंजय राजपूत या अधिकाऱ्याकडे येते. अर्शद वारसी यांनी त्याचा कोरडा आत्मविश्वास उत्तम दाखविला आहे. पुरावा अपुरा, पण मुलगा घातक असल्याची त्याची खात्री. म्हणून तो पुरावा निर्माण करतो. मालिकेतील सर्वांत गंभीर क्षण हा होय. कृत्य सिद्ध होण्यापूर्वी स्वभाव सिद्ध मानावयाचा, हे पित्याने पत्रिकेच्या आधाराने केले. अधिकारी तेच कायद्याच्या नावाने करतो. ‘हॅलोवीन’मधील डॉक्टर लूमिसही मुलाच्या डोळ्यांत निव्वळ पाप पाहतो, आणि तो चित्रपट त्याच्याशी सहमत होऊन मोकळा होतो. ‘असुर’ला येथे त्या परंपरेच्या पुढे जाण्याची संधी होती.

ती तिने घेतली नाही. मोठा झालेला शुभ इतका सर्वज्ञ, इतका अजिंक्य आणि आपल्या असुरत्वाविषयी इतका निःशंक दाखविला आहे की अखेर पित्याचे भाकितच खरे ठरते. दुसऱ्या पर्वात तर तो कलीचे रूप मिरवू लागतो आणि उरलासुरला माणूसही त्याच्यातून निघून जातो. ज्या कथेने जन्मावरून निवाडा करण्याचे क्रौर्य दाखविले, तिनेच शेवटी तो निवाडा कायम करावा, ही केवळ रचनेतील चूक नव्हे. कथेने आपल्याच आशयाकडे फिरविलेली ही पाठ आहे. परंपरेचा आधार घेण्याचा तिचा दावा मान्य केला, तरी परंपरा इतकी एकसुरी नाही. ऋग्वेदात वरुणासारख्या देवालाही असुर हे विशेषण आदराने लाविले आहे. प्रल्हाद असुरकुळातला. बळी तर महाराष्ट्रात प्रतिपदेला पूजिला जातो, आणि ओवाळताना त्याच्या राज्याची इच्छा आजही बोलून दाखविली जाते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी आणि आसुरी संपत्तींचे वर्णन आहे, ते प्रवृत्ती आणि आचरण यांच्या भाषेत आहे. घटका-पळांचा हिशोब तेथे नाही. शास्त्रवचनांची पखरण करणाऱ्या संहितेने एवढा शोध घ्यावयास हवा होता. अमेय वाघ यांच्यासारख्या नटाच्या वाट्याला आलेली रसूल शेख ही भूमिकाही संहितेने मुख्यतः कोड्याचा एक दुवा म्हणून वापरली आहे. मालिकेला माणसांपेक्षा कोडी प्रिय आहेत, याची ही आणखी एक खूण.

काशीत उपसलेल्या शस्त्राची एक फार जुनी कथा भारतीय चित्रपटाच्या आरंभाशीच उभी आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्या आख्यानातही काशीचे स्मशान आहे, मेलेला मुलगा आहे आणि खोट्या आरोपावरून वध्य ठरलेली तारामती आहे. हरिश्चंद्र तिच्यावर खड्ग उगारतो आणि त्याच क्षणी ते अडविले जाते. ते अडविणारा हात देवाचा असल्यामुळे आधुनिक कथेला तसा शेवट करता येणार नाही, हे उघड आहे. पण खड्ग पडण्यापूर्वीचा तो क्षण, ज्यात घाव टळू शकतो, तो ‘असुर’च्या हातीही होता. मुलगा अधिकाऱ्यासमोर बसला आहे, पुरावा अजून निर्माण व्हावयाचा आहे आणि त्याच्या विषयीचा निर्णय कोणी तरी अजून बदलू शकते. मालिका त्या क्षणापाशी थांबत नाही. तिला पुढच्या प्रेताची घाई आहे.