‘चंद्रावर स्वारी’: चुकीच्या तोफेचं बरोबर गणित

भा. रा. भागवतांच्या ‘चंद्रावर स्वारी’मुळे ज्यूल्स व्हर्नची १८६५ ची गोष्ट मराठी मुलांपर्यंत पोचली. माणसांना तोफेतून चंद्राकडे उडवायचं! कल्पना भन्नाट, पण गणित करून बघा. मूळ कादंबरीत तोफ ९०० फूट लांब, वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट लांबी: त्वरण गुरुत्वाच्या किमान २२ हजार पट. धक्का शोषायला व्हर्नने गोळ्यात पाणी ठेवलंय, तरी आतल्यांचा चेंदामेंदाच!

मग पुस्तक टाकाऊ? मुळीच नाही. त्याने आकडे उघड मांडले, म्हणून तर आज बीडमध्ये बसून वहीच्या एका पानावर त्याची चूक सापडते. नुसतं ‘प्रचंड तोफ, अफाट वेग’ लिहिलं असतं तर तपासणार काय? तुमचा संशोधन आराखडाही याच कसोटीवर वाचा.